रिकाम्या पेटीला धरावे कुठे?



एका गुरुजनांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बंदरावरील यंत्रांचा विषय काढावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे कसा गेला, हा आपल्या भागातील इतिहासाचा विषय खराच. पण ज्या हातांनी या भूमीतील ओझी उचलली, त्या हातांना कोणती साधने मिळाली, ती कोणी निवडली आणि त्या निवडीचे मोल कोणाला द्यावे लागले, हाही इतिहासच आहे. आणि तो फारसा लिहिला गेलेला नाही. आज त्यातील एक लहानसा प्रश्न मी आपणांपुढे ठेवणार आहे. बंदरावर येणारा भलामोठा लोखंडी कंटेनर, म्हणजे मालपेटी, रिकामी असताना ती उचलायची कशी? तिला धरावे कुठे?

प्रश्न साधा दिसतो. भरलेली पेटी उचलता येते, तर रिकामी उचलण्यात अडचण कसली, असे कोणालाही वाटेल. नेमक्या याच समजुतीने पुष्कळ घोटाळे केले आहेत. साधनाची निवड केवळ वजनावरून करू नये, धरण्याच्या जागेवरून आणि धरणाऱ्या माणसावरून करावी, ही गोष्ट जगाला शिकायला बराच काळ लागला. तेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

ओझे, बळ आणि मधला दुवा

आपल्या घरापासूनच आरंभ करू. डोक्यावर घागर घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. दोन घागरी एकट्याने न्यायच्या तर खांद्यावर कावड येते. दुधाचे भांडे आढ्याला टांगायचे तर शिंके लागते. प्रत्येक ठिकाणी एक ओझे आहे, एक बळ आहे आणि या दोहोंना जोडणारा एक दुवा आहे. ओझ्याची आणि बळाची चर्चा आपण करतो. चुंबळीची कोणी करत नाही. परंतु चुंबळ नसेल तर मान अवघडते आणि कावडीचा दोर तुटला तर दोन्ही घागरी फुटतात.

याच अनुभवातील दुसरी गोष्ट. भाताची पोती वाहणाऱ्याला वाऱ्याचे भय नसते. पेंढ्याचा भारा वाहणाऱ्याला असते. भारा पोत्याहून कितीतरी हलका. पण उघड्या मेरेवरून जाताना वाऱ्याचा झोत आला की तोच माणसाला हेलपाटायला लावतो. हलके आणि मोठे ओझे हे जड आणि लहान ओझ्यापेक्षा निराळ्या जातीचे असते. रिकामी मालपेटी ही या पेंढ्याच्या भाऱ्याची लोखंडी बहीण आहे, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

डिचोली तालुक्यातील मंडळींना हे आणखी एका रूपात ठाऊक आहे. सारमानस आणि पिळगावच्या धक्क्यांवरून लोहखनिज भरून मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जी आपण पाहिल्या आहेत. भरलेली बार्ज काठापर्यंत पाण्यात बुडालेली आणि शांत असते. परत येणारी रिकामी बार्ज उंच तरंगते आणि वाऱ्यावर कलंडू पाहते. खनिज-व्यवसायाच्या आरंभीच्या काळात या बार्जींत माल पडे तो बायकांच्या डोक्यावरील पाट्यांनी. पुढे यंत्रे आली आणि १९७९ साली मुरगाव बंदरात खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था उभी राहिली. सुट्या मालाला धरण्याची जागाच नसते. तो पाटीने, फावड्याने किंवा पट्ट्याने ढकलावा लागतो. पेटीबंद मालाची कथा मात्र वेगळी आहे आणि ती पाहायला आपल्याला मुंबईच्या गोदीत जावे लागेल.

आकड्याचे युग

मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ मध्ये सुरू झाला. या गोद्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या पिढ्या राबल्या. माल येई तो पोती, गासड्या, पिंपे, खोकी आणि लोखंडाच्या सळ्या अशा नाना रूपांनी. जहाजाच्या पोटाचे तोंड, म्हणजे फालका, उघडला की टोळी आत उतरे. हातात लोखंडी आकडा. त्याला सर्रास हूकच म्हणत. पोत्यात आकडा रुतवायचा, ते ओढून जाळीवर किंवा दोरखंडाच्या फासात रचायचे, वरून यारीचा मोठा आकडा खाली येई, त्यात फास अडकवायचा आणि बाजूला व्हायचे.

या पद्धतीत वेळ किती जाई, याचा एक प्रसिद्ध हिशेब अमेरिकेत झाला. १९५४ साली ‘वॉरियर’ नावाच्या जहाजाने न्यूयॉर्कहून जर्मनीतील ब्रेमरहाफेनला सुमारे पाच हजार टन माल नेला. त्या एका खेपेत १,९४,५८२ निरनिराळे नग होते. सागरप्रवासाला साडेदहा दिवस लागले आणि माल चढवण्या-उतरवण्यात जवळजवळ तेवढेच दिवस गेले. जहाजाचा निम्मा काळ धक्क्याला बांधून राहण्यात जात होता.

आकड्याच्या या युगात काम पुष्कळ होते आणि अपघातही पुष्कळ होते. रोजच्या रोज उभे राहून काम मागण्याची अनिश्चितता होती. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला, तो याच पार्श्वभूमीवर. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांची चळवळ उभी राहिली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, त्यामागेही पाठीवरच्या ओझ्याचाच प्रश्न होता. ही माणसे आपल्याच मुलखातील होती. म्हणून पुढे जे यंत्र आले त्याचा विचार करताना या हातांचा विसर पडता कामा नये.

कोपऱ्याचा शोध

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज ५८ मालपेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रकवाहतूकदाराची. त्या काळी सुटा माल जहाजावर चढवण्यास टनामागे ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. या खेपेचा हिशेब टनाला १६ सेंटांच्याही खाली आला. व्यापारी जगाचे लक्ष या आकड्यांकडे गेले ते साहजिकच होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा माणूस दुसराच आहे. कीथ टँटलिंगर हा मॅक्लीनचा अभियंता. पेटी केवढी असावी याइतकाच त्याच्यापुढे प्रश्न होता, तो पेटी धरायची कशी हा. चार साखळ्या सोडायच्या, एका माणसाने शिडीने पेटीच्या छतावर चढायचे, चारही कोपऱ्यांत आकडे अडकवायचे, खाली उतरायचे. पेटी जहाजात पोहोचली की तेथे पुन्हा दुसऱ्याने चढून ते सोडवायचे. वेळ तर जाईच, पण आठ फूट उंचीच्या ओल्या पत्र्यावरून पडण्याचे भय प्रत्येक फेरीला. टँटलिंगरने पेटीच्या लांबीरुंदीची एक पोलादी चौकट केली. ती यारीला कायमची टांगलेली. तिच्या चार कोपऱ्यांतील पकडी यारीवाल्याने कळ दाबताच पेटीत बसत. छतावर चढणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. या चौकटीला स्प्रेडर म्हणतात. पुढे तिच्यात ट्विस्टलॉक, म्हणजे पाव फेरा देऊन बसणारे फिरते कुलूप, रूढ झाले. पेटीच्या कोपऱ्यातील लांबट भोकात कुलपाची जीभ सरळ शिरते, आत गेल्यावर आडवी फिरते आणि मग बाहेर येऊ शकत नाही. आपल्या दाराच्या जुन्या खिटीचे तत्त्व याहून फार वेगळे नाही.

यात एक मोठी अडचण होती. प्रत्येक कंपनीची पेटी निराळी. मॅक्लीनची पेटी पुढे ३५ फुटांची झाली, पॅसिफिक महासागरात वाहतूक करणाऱ्या मॅट्सन कंपनीची २४ फुटांची. कोपरे निराळे, कुलपे निराळी. एकाची चौकट दुसऱ्याच्या पेटीला लागेना. १९६३ मध्ये मॅक्लीनच्या कंपनीने आपल्या कोपऱ्याचे एकस्वहक्क सर्वांसाठी मोकळे केले. त्या आधारावर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत, म्हणजे आयएसओत, समान कोपरा ठरवण्याचे काम सुरू झाले. पहिला आराखडा चाचण्यांत कमी पडला. १९६७ मध्ये अभियंत्यांनी तो दुरुस्त केला. मापांचे मानक १९६८ मध्ये आणि कोपऱ्याचे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले.

तो कोपरा म्हणजे १७८ मिलिमीटर लांब, १६२ रुंद आणि ११८ उंच असा पोकळ ओतीव पोलादी ठोकळा. २० फुटी पेटीवर वरच्या भोकांचे अंतर लांबीला ५,८५३ मिलिमीटर आणि ४० फुटी पेटीवर ११,९८५ मिलिमीटर. रुंदीला दोन्हींत २,२५९. ही मापे मी मुद्दाम सांगतो. विद्यार्थिमित्रहो, जगातील कोणत्याही बंदरात, कोणत्याही देशाच्या पेटीवर ही अंतरे अत्यल्प फरकाने तीच असतात. भाषा, नाणे, कायदे आणि धर्म यांत ज्यांचे एकमत होत नाही, त्यांचे एका लोखंडी ठोकळ्याच्या भोकावर एकमत झाले. आणि ते झाले तेव्हा हक्क सोडून देणारा एक पक्ष पुढे आला होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतात कंटेनर-वाहतुकीचा आरंभ १९७३ साली कोचीन बंदरात झाला. मुंबईच्या जुन्या गोद्याही त्याच दशकात पेट्या हाताळू लागल्या. १९८१ मध्ये बंगळूर येथे देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो झाला. २६ मे १९८९ रोजी मुंबईसमोर न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. २०२३-२४ या वर्षात त्या एका बंदराने २० फुटी मापाने ६४ लाखांहून अधिक पेट्या हाताळल्या. गोदी कामगारांची संख्या मात्र घटत गेली. नव्वदच्या दशकात त्यांची नियामक मंडळे बंदर विश्वस्त संस्थांत विलीन होत गेली. छतावर चढणारा माणूस वाचला आणि त्याच वेळी फालक्यात उतरणाऱ्या टोळीचे काम गेले. या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीने केल्या. इतिहासकाराने यांपैकी एकच सांगून थांबणे बरोबर नव्हे.

रिकामी पेटी येते कोठून?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जगातील बंदरांवर हाताळल्या जाणाऱ्या पेट्यांपैकी ढोबळमानाने पाचवा हिस्सा रिकाम्या पेट्यांचा असतो. त्या रिकाम्या का हिंडतात? कारण व्यापार दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एका देशात माल उतरतो, पण तेथून परत पाठवण्यास तेवढा माल नसतो. आपल्या बार्जी मुरगावहून रिकाम्या परतत, तसेच हे आहे. शिवाय मापाची तफावत असते. भारतात येणारा बराच माल हलका आणि जागा खाणारा, म्हणून ४० फुटी पेट्यांतून येतो. बाहेर जाणारा तांदूळ, दगड, लादी यांसारखा जड माल २० फुटी पेटीतच परवडतो. त्यामुळे यार्डात ४० फुटी पेट्यांचा ढीग पडलेला आणि निर्यातदार २० फुटीसाठी खोळंबलेला, असे दृश्य दिसते. २०२०च्या अखेरीपासून २०२१मध्ये जगभर पेट्यांची चणचण झाली, भाडी कित्येक पटींनी वाढली, तेव्हा रिकामी पेटी ही अडगळ नसून भांडवल आहे हे आपल्याकडील लहान निर्यातदारांनाही उमगले. मासळी, काजू किंवा औषधे पाठवणाऱ्याला योग्य मापाची, स्वच्छ, न चेपलेली पेटी वेळेवर मिळणे म्हणजे अर्धे काम झाल्यासारखे असते.

ती चेपलेली नसावी, यासाठी ती नीट उचललेली असावी लागते. येथे साधनाच्या निवडीचा प्रश्न येतो.

हलक्या ओझ्याचे कपट

२० फुटी रिकामी पेटी सुमारे सव्वादोन टन भरते आणि ४० फुटी पावणेचार टनांच्या आसपास. तीच भरली की तीस टनांपर्यंत जाऊ शकते. यावरून कोणी म्हणेल की तीस टनांचे यंत्र आहे, त्यानेच रिकामीही उचलावी. याने काम होते, पण हिशेब जमत नाही. धक्क्यावरील मोठ्या क्रेनची लांबी कमी-जास्त होणारी चौकट स्वतःच आठ-दहा टनांची असते. म्हणजे सव्वादोन टनांची पेटी उचलायला तिच्या चौपट वजनाची चौकट दरवेळी वर-खाली न्यायची. पाच शेर तांदूळ मोजायला लाकडाच्या वखारीतील काटा आणल्यासारखे ते आहे.

दुसरा कोणी याच्या उलट म्हणेल : एवढी हलकी आहे ना, मग साध्या फोर्कलिफ्टचे दोन दात खाली घालून उचला. येथे तर धोकाच आहे. २० फुटी पेट्यांपैकी पुष्कळांच्या तळाशी दातांसाठी खोबणी असतात. बाहेरची जोडी मध्यापासून मध्यापर्यंत २,०५० मिलिमीटर अंतरावर असते. काही पेट्यांना आणखी एक आतली जोडी ९०० मिलिमीटर अंतरावर असते आणि ती फक्त रिकाम्या पेटीसाठी आहे. आतल्या जोडीत दात घालून भरलेली पेटी उचलली तर ती डुलते, तळ वाकतो. ४० फुटी पेटीला तर सहसा खोबणीच नसतात. तिच्या तळाखाली दात सारले की आडव्या तुळया वाकतात, लाकडी तळ फुटतो आणि पुढच्या खेपेला त्या भोकातून समुद्राचे पाणी कोणाच्या तरी मालात शिरते.

तिसरा मार्ग चार साखळ्यांचा. लहान यार्डात, जहाजाच्या स्वतःच्या यारीने काम चालते तेथे, तो अजूनही दिसतो. त्याचे नियम काटेकोर आहेत. भरलेल्या पेटीला वरच्या कोपऱ्यांतून तिरका ओढ देऊ नये. कोपरे आत ओढले जाऊन छताच्या कडा दुमडतात. तळच्या कोपऱ्यांतून साखळ्या लावल्या तर ४० फुटी पेटीला साखळीचा जमिनीशी कोन ३० अंशांहून कमी नसावा, २० फुटीला ४५ अंशांहून कमी नसावा. वरच्या कोपऱ्यात आकडा आतून बाहेर तोंड करून घालावा, म्हणजे साखळी सैल पडली तरी तो निसटत नाही. हे सर्व पाळले तरी छतावर माणूस चढतोच. टँटलिंगरने सोडवलेला प्रश्न आपण पुन्हा निर्माण करतो.

या तिन्ही रीतींत एकच चूक आहे. त्या सर्व पेटीच्या वजनाकडे पाहतात. रिकाम्या पेटीत मुख्य गोष्ट वजन नव्हे, आकार आहे. ४० फुटी पेटीची लांब बाजू १२.१९ मीटर लांब आणि २.५९ मीटर उंच. म्हणजे सुमारे साडेएकतीस चौरस मीटरचे लोखंडी शीड. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा त्यावर पाऊण टनाहून अधिक रेटा देतो. कोकणकिनाऱ्यावर पावसाळी वादळात असा वारा अपूर्व नाही. म्हणून रिकाम्या पेट्यांची एकेरी उंच रांग उघड्यावर ठेवत नाहीत. त्या गठ्ठ्याने, एकमेकींच्या आडोशाने रचतात, कडेच्या रांगा पायऱ्यांसारख्या उतरत्या ठेवतात आणि वाऱ्याची सूचना आली की काम थांबवतात.

बाजूने धरणारी चौकट

याच विचारातून रिकाम्या पेट्यांसाठी वेगळे यंत्र तयार झाले. त्याला एम्प्टी हँडलर म्हणतात. दिसायला ते उंच शिडीच्या मोठ्या फोर्कलिफ्टसारखे. पण त्याला दात नसतात. शिडीवर एक आडवी चौकट बसवलेली असते. ती पेटीच्या एका लांब बाजूचे वरचे दोनच कोपरे धरते. पेटी त्या दोन कोपऱ्यांवर लटकते आणि तिची खालची कड यंत्राच्या आधारांवर टेकते. आपल्या घरी खुंटीवर टांगलेले सूप भिंतीला टेकलेले असते, अगदी तसे.

या रचनेचे गुण तीन. एक, चौकट हलकी असते, म्हणून यंत्र लहान आणि इंधन कमी. दोन, यंत्राला पेटीच्या डोक्यावरून हात पोहोचवावा लागत नाही. त्यामुळे रांगा एकमेकींना चिकटून आणि सात-आठ थर उंच रचता येतात. तीन, चौकट २० पासून ४० फुटांपर्यंत लांबते. काही चौकटी एकावर एक ठेवलेल्या दोन रिकाम्या पेट्या एकदम उचलतात.

दोषही सांगितले पाहिजेत. फक्त बाहेरची पेटी हाती लागते. आतली हवी तर पुढच्या साऱ्या हलवाव्या लागतात. म्हणून कोणती पेटी कोठे ठेवली याची नोंद चोख हवी. शीतपेटीच्या, म्हणजे मासळी आणि औषधे नेणाऱ्या पेटीच्या, एका टोकाला थंड करण्याचे यंत्र असते. ती रिकामी असतानाही एका अंगाला जड असते आणि दोन कोपऱ्यांवर टांगली की कलते. तिला चारही कोपऱ्यांत धरणारी चौकट बरी. आणि सर्वांत गंभीर दोष हा की हे यंत्र आठ-दहा टनांपुरतेच असते. कागदावर रिकामी म्हणून लिहिलेली पेटी प्रत्यक्षात भरलेली निघाली तर यंत्रच तोंडावर पडू शकते. म्हणूनच चौकटीत वजन दाखवणारी सोय असणे ही चैन नाही. १ जुलै २०१६पासून भरलेल्या पेटीचे वजन तपासून जाहीर केल्याशिवाय ती जहाजावर घेऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला, त्यामागेही खोट्या वजनांचा अनुभव होता.

चौकटीत आणखी एक साधी गोष्ट असावी लागते. सर्व कुलपे कोपऱ्यांत पुरती बसल्याशिवाय ती फिरता कामा नयेत आणि ओझे हवेत असताना ती उघडता कामा नयेत. चालकाला दिव्यांनी हे कळते. तरी एक गोष्ट दिवा सांगत नाही. ट्रेलरवरील पेटी खालूनही कुलपांनी जखडलेली असते. ती कुलपे कोणी सोडायला विसरले तर पेटीबरोबर ट्रेलरही उचलला जातो. भरलेल्या पेटीच्या वेळी सगळे सावध असतात. रिकामीच आहे म्हटल्यावर लक्ष ढळते. अपघात यंत्राच्या कमकुवतपणातून होतो त्याहून अधिक वेळा या ‘रिकामीच आहे’मधल्या ‘च’मधून होतो.

निवड करणाऱ्याने काय विचारावे?

मग एखाद्या यार्डाने कोणते साधन घ्यावे? याचे एकच उत्तर नाही. जेथे भरलेल्या आणि रिकाम्या पेट्या मिसळून येतात आणि संख्या थोडी असते, तेथे लांब हाताचे रीचस्टॅकर यंत्र चालते. ते महाग पडले तरी दोन्ही कामे करते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते. जेथे दिवसाला शेकडो रिकाम्या पेट्या येतात तेथे बाजूने धरणारी चौकटच शहाणपणाची. मुरगावसारख्या मिश्र मालाच्या बंदरात कंटेनरांची संख्या न्हावा-शेव्याच्या तुलनेत अगदी माफक असते. तशा ठिकाणी एक मधला मार्ग असतो : विजेची गरज नसलेली अर्धस्वयंचलित चौकट. तिची कुलपे यारीचा दोर सैल-ताठ होण्याने फिरतात. कोणत्याही यारीच्या आकड्याला ती टांगता येते, आणि छतावर माणूस चढवावा लागत नाही. किमतीच्या मानाने एवढे काम करणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

याशिवाय काही प्रश्न असे असतात की जे किमतीच्या तक्त्यात दिसत नाहीत. जमीन किती भार सोसते? आमच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात सांधे किती दिवसांत गंजतील? सुटा भाग बिघडला तर तो येथे मिळेल की परदेशातून येईपर्यंत यंत्र उभे राहील? कुलपाच्या जिभेची झीज मोजणारा माणूस आपल्याकडे आहे काय? आणि शेवटचा प्रश्न : हे साधन घेतले तर पेटीवर चढणारा, पेटीखाली उभा राहणारा किंवा दोन पेट्यांच्या मधे हात घालणारा माणूस उरतो काय? उरत असेल तर साधन स्वस्त नाही. त्याची उरलेली किंमत त्या माणसाने भरायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशात गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा, आरोग्याचा आणि कल्याणाचा स्वतंत्र कायदा १९८६ साली झाला. कायद्याने नियम मिळतात. चौकट निवडणाऱ्याच्या मनात हा प्रश्न उमटावा लागतो, तो शिक्षणाने.

समारोप

इब्रामपूरसारख्या, शापोऱ्याच्या खोऱ्यातील आणि महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या गावी हे सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. येथून समुद्र दूर आहे. पण समुद्रावरची कामे दूर नाहीत. आपल्या भागातील कितीतरी घरांतील माणसे बंदरांत, जहाजांवर, गोदामांत आणि वाहतुकीच्या धंद्यात आहेत. आज येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या यार्डात चालक होतील, काही अभियंते होतील, आणि एखादा किंवा एखादी अशा खुर्चीवर बसेल की जेथे यंत्राच्या खरेदीच्या कागदावर सही करायची असते.

‘एखादी’ हा शब्द मी सहज वापरलेला नाही. केरळमधील विळिंजम येथील नवे बंदर २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. तेथे यार्डातील क्रेन दूरच्या नियंत्रण-कक्षात बसून चालवतात आणि ते काम स्थानिक स्त्रियाही करतात. डोक्यावर चुंबळ ठेवून बार्जीत खनिजाची पाटी रिकामी करणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आणा आणि पडद्याकडे पाहत चार कुलपे एकदम फिरवणारी ही मुलगी पाहा. ओझे तेच आहे, किंबहुना हजारपटींनी वाढले आहे. मधला दुवा बदलला, म्हणून मान मोकळी झाली. ज्यांची कामे या बदलात गेली त्यांच्या मुलांना नवी कामे शिकवण्याची जबाबदारी मात्र यंत्र घेत नाही. ती शाळेची आणि समाजाची आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर हेच केले. मुलाच्या अंगी बळ किती हे शिक्षक पाहतोच. पण त्याला कोणत्या बाजूने हात द्यावा म्हणजे तो न मोडता वर येईल, हे ओळखण्यात शिक्षकाची खरी परीक्षा असते. आणि जो विद्यार्थी रिकामा दिसतो, त्याच्याकडे लक्ष कमी देऊन चालत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.